काका, यात एक टीबी आहे!

अॅडमिशनच्या राऊंड संपल्या की नाशकात एक दृश्य हमखास दिसतं. कॅनडा कॉर्नर म्हणा, कॉलेज रोड म्हणा, नाहीतर एम. जी. रोड. लॅपटॉपच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे दोन खुर्च्या. एकीवर एफईला नुकतंच अॅडमिशन झालेलं पोरगं, दुसरीवर त्याचे वडील. वडील निफाड नाहीतर दिंडोरीकडून सकाळच्या गाडीने आलेले. खिशात द्राक्षाचे किंवा कांद्याचे पैसे, आणि ते कसे आले हे त्यांचं त्यांनाच माहीत. काउंटरच्या पलीकडचा पोरगा दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवतो आणि म्हणतो, "काका, याच्यात पाचशे बारा आहे. आणि यात एक टीबी आहे! चार वर्षं बघायला नको."

"टीबी म्हणजे?"

"जागा हो काका. डबल."

'डबल' हा शब्द कोणालाही लगेच कळतो. आपलं पोरगं वडिलांच्या कानाशी लागतं, "आप्पा, एक टीबीच घेऊ." आणि आप्पा हो म्हणतात, कारण शिक्षणात कमी पडायला नको. बरं, त्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम आठच जीबी आहे आणि तीसुद्धा बोर्डावर चिकटवलेली आहे, हे त्या तिघांपैकी कोणीच बोलत नाही.

मित्रांनो, माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कंटाळा आलाय त्यांना लगेच कविता विभागाकडे वळता येईल. नवीन लॅपटॉप घेताना स्टोरेजसाठी दुकानात जास्तीचा पैसा देऊ नका. ५१२ जीबी चांगली मिळत असेल तर तीच घ्या आणि उरलेला पैसा रॅमला द्या. आणि स्टोरेजवर पुढे जो पहिला पैसा खर्च कराल तो लॅपटॉपच्या आत नाही, बाहेर खर्च करा.

आता हे का, ते बघू.

लॅपटॉपमध्ये काही गोष्टी जन्मभराच्या असतात आणि काही बदलता येतात. प्रोसेसर जन्मभराचा. स्क्रीन जवळजवळ जन्मभराची. रॅम हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणजे घेताना आठ घेतली तर बीईच्या प्रोजेक्टलाही आठच. पण एसएसडी? बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर उभी असते. खालचं झाकण काढा, एक स्क्रू सोडवा, तिरकी करून ओढा, संपलं. (मॅकबुक एअरवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. तुमचं स्टोरेज बोर्डावरच असतं, काय तो निर्णय विकत घेतानाच. आणि अगदी स्वस्तातल्या ज्या लॅपटॉपवर 'ईएमएमसी' लिहिलेलं असतं, त्याचंही तेच, वर स्पीडही यथातथाच.) म्हणजे जी गोष्ट नंतर बदलता येते तिच्यासाठी आज जास्त पैसे मोजायचे आणि जी कधीच बदलता येणार नाही तिच्यात काटकसर करायची, हा उलटा हिशोब झाला.

दुकानात एक सोपं गणित करून बघा. एकाच मॉडेलच्या ५१२ आणि १ टीबी या दोन प्रकारांतला किमतीचा फरक विचारा. मग सुट्या १ टीबी एसएसडीची किंमत विचारा. फरक सुट्या एसएसडीच्या जवळपास जात असेल, तर कंपनी तुम्हाला अर्धी डिस्क देऊन पूर्णीचे पैसे घेतेय. फरक अगदी किरकोळ असेल तर खुशाल १ टीबी घ्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त वजाबाकी करा. आपण एम-थ्रीमध्ये लाप्लास सोडवतो, ही वजाबाकी जमायला हरकत नाही!

मुळात लागतं किती? ५१२ ची डिस्क लावली की विंडोज ४७६ दाखवतं. लगेच दुकानदाराच्या नावाने बोंब मारू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच त्याचा अर्थ. (म्हणूनच १ टीबी ९३१ दिसते.) त्यात विंडोज आणि त्याचे अपडेट पन्नास-साठ जीबी खातात. ऑटोकॅडला दहा एक जीबी, अँड्रॉइड स्टुडिओला एमुलेटर धरून सोळा-वीस. कॉम्प आणि आयटीवाल्यांचा सगळा सिलॅबस, म्हणजे पायथन, मायएसक्यूएल, एक्लिप्स वगैरे, एका सिनेमाच्या मालिकेपेक्षा कमी जागेत मावतो. खरी जागा लागते ती ईअँडटीसीत एफपीजीएवर काम करणाऱ्यांना, कारण व्हिवाडो पूर्ण टाकलं तर शंभर जीबीच्या वर जातं. मेकॅनिकलच्या सिम्युलेशनवाल्यांनाही लागते. आणि गेमवाल्यांना. एकेक गेम शंभर जीबीचा, ते तीन टाकले की आप्पांच्या द्राक्षांचा एक टीबी कुठे गेला ते कळतं.

आता स्पीडचं भूत. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ७००० एमबी पर सेकंद! आणि आपण हुरळून जातो. थोडा फिजिक्स आठवा. जुन्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरायची. एक फेरी म्हणजे साधारण ११ मिलिसेकंद, त्यामुळे हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट बघायची, शिवाय डोकं सरकायला लागतो तो वेळ वेगळा. एसएसडीत फिरायला काहीच नाही, तिथे हेच काम एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर होतं. हार्डडिस्कवरून एसएसडीवर येताना लॅपटॉपला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटतं ते यामुळे. घरात मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप हार्डडिस्कवर रखडत असेल, तर त्यात साधी साटा एसएसडी बसवणं हा आजही सगळ्यात पैसावसूल अपग्रेड आहे. (विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तो लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर लिनक्स टाका. ओएसच्या प्रॅक्टिकललाही तेच लागतं.)

पण त्यापुढची शर्यत आपल्यासाठी नाही. साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते, जेन ३ एनव्हीएमई ३५०० च्या आसपास, जेन ४ सात हजाराला, जेन ५ चौदा हजाराला. हे सगळे आकडे एकच भलीमोठी फाइल सरळ वाचतानाचे. आपला लॅपटॉप दिवसभर करतो काय? बारीक बारीक हजारो फायली वाचतो. प्रोजेक्ट उघडला, कंपाइल केलं, ब्राउझर चालू केला, की सगळा चार-चार किलोबाइटचा किरकोळ बाजार. एकेक करून तसं वाचताना चांगल्या चांगल्या ड्राइव्हसुद्धा पन्नास ते शंभर एमबीच्या घरातच फिरतात, मग जेन ३ असो की जेन ४. पंचवटी एक्सप्रेसला कितीही दमदार इंजिन लावा, दर पाच मिनिटाला थांबा दिला तर दादरला पोचायला तेवढाच वेळ लागणार. शिवाय तुमच्या लॅपटॉपचा स्लॉटच जेन ४ असेल तर जेन ५ ची ड्राइव्ह त्यात जेन ४ च्या वेगानेच चालते. पैसे मात्र जेन ५ चे जातात आणि वर गरम होते ती वेगळी.

मग सुटी एसएसडी घेताना बघायचं काय? स्पीडपेक्षा टीएलसी आहे की क्यूएलसी, हे आधी बघा. एका सेलमध्ये तीन बिट ठेवायचे तर चार्जच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिट ठेवायचे तर १६. गंगापूर धरणाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा असतात तसं समजा. भिंतीची उंची तेवढीच ठेवून खुणा दुप्पट केल्या तर वाचायला जपून वाचावं लागतं आणि पाणी नेमक्या खुणेपर्यंत आणायला वेळ लागतो. क्यूएलसीत लिहिणं संथ होतं ते यामुळे. सुरुवातीला हे जाणवत नाही, कारण ड्राइव्ह काही जागा कॅशसारखी वापरते. पण मोठी कॉपी चालू असताना ती कॅश भरली की स्पीड धाडकन खाली येतो, काही ड्राइव्हमध्ये अगदी जुन्या हार्डडिस्कच्या पातळीला. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान, म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा हे बरं.

क्यूएलसीबद्दल दुसरी एक भीती मात्र उगाच पसरवली जाते, ती म्हणजे "लवकर मरते". डेटाशीटवर टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला तो बहुधा ६०० च्या आसपास असतो, क्यूएलसीला २०० च्या आसपास. (बॉक्सवर प्रकार लिहिलेला नसेल तर या आकड्यावरूनच अंदाज येतो, ही एक युक्ती.) रोज ३० जीबी लिहिलं, आणि आपण तेवढं लिहीत नाही, तरी २०० टीबी लिहायला अठरा वर्षं लागतील. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. केट्या धरून सहा. तेव्हा मरण्याची चिंता टीबीडब्ल्यूपायी करू नका.

पण एसएसडी मरते. आणि ती टीबीडब्ल्यू संपून मरत नाही, तिचा कंट्रोलर जातो, फर्मवेअर बिघडतं, आणि काल रात्री चालू असलेला लॅपटॉप आज सकाळी म्हणतो, 'नो बूटेबल डिव्हाइस'. जुनी हार्डडिस्क जायच्या आधी बऱ्याचदा कटकट आवाज करायची, चार दिवसांची मुदत द्यायची. एसएसडी अनेकदा काहीच बोलत नाही. त्यातून डिलीट झालेलं परत मिळवणंही अवघड, कारण ट्रिम नावाची कमांड डिलीट केलेल्या जागा साफ करायला ड्राइव्हला सांगते. आमच्या वरच्या बॅचमध्ये ओरलच्या चार दिवस आधी एकाच्या लॅपटॉपने असा राम म्हटला. चौघांचा ग्रुप, वर्षभराचा कोड आणि साठ पानांचा रिपोर्ट एकाच मशीनवर. गाइडला आठवड्यापूर्वी पाठवलेली एक पीडीएफ मेलमध्ये सापडली म्हणून रिपोर्ट निम्माशिम्मा वाचला. कोड चौघांनी तीन रात्री जागून पुन्हा लिहिला, आणि चौथ्या दिवशी एक्स्टर्नलने विचारलं, "रिझल्ट एवढे कमी कसे?" त्या लॅपटॉपमध्ये १ टीबी होती.

म्हणून म्हणतो, पैसा बाहेर खर्च करा. आपल्याकडे एक फार जुनी समजूत आहे. लॅपटॉप आला की पहिलं काम, पार्टिशन पाडायची. सी, डी, ई. आणि मग, "डीमध्ये आहे ना, मग सेफ आहे." अरे बाबा, विंडोज उडालं तर डी वाचेल, खरंय. पण डिस्कच गेली तर? गोदाकाठच्या एखाद्या वाड्याच्या तीन खोल्या असाव्यात तशी ही तीन पार्टिशनं. पूर आला की पाणी कुठली खोली कोणाची ते विचारत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये दुसरी एसएसडी टाकणाऱ्यांचंही थोडंफार तेच. एक ड्राइव्ह गेली तर दुसरी राहील, पण सीबीएसवर बॅगच गेली, किंवा मेसचा चहा कीबोर्डवर सांडला, तर दोन्ही एकत्रच जाणार.

बाहेरची डिस्क घ्या. बॅकअपला स्पीड लागत नाही, साधी फिरणारी पोर्टेबल हार्डडिस्कसुद्धा चालते. ती रूमवर ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. कोड गिटवर ठेवा, रिपोर्ट गूगल ड्राइव्हवर ठेवा, तिथले फुकटचे १५ जीबी रिपोर्टला आयुष्यभर पुरतील. पेनड्राइव्हला मात्र बॅकअप म्हणू नका. तो झेरॉक्सच्या दुकानातून व्हायरस आणण्यासाठी असतो.

"पण नंतर घ्यायची म्हणतोस, नंतर महाग झाली तर?" हा प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षं आपण धरून चाललो होतो की स्टोरेज दरवर्षी स्वस्तच होतं. तसं नेहमी होत नाही. आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर किती आला ते सांगतो. २०११ मध्ये थायलंडला पूर आला तो जगाने हार्डडिस्कच्या किमतीवर मोजला, कारण डिस्कचे आणि त्यांच्या मोटरचे मोठे कारखाने तिथे पाण्याखाली गेले होते. आणि २०२५ च्या शेवटी पुन्हा तेच झालं, यावेळी पाण्याशिवाय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की 'क्रुशल' या नावाने दुकानात मिळणारा रॅम-एसएसडीचा धंदाच आपण आवरता घेणार. लासलगावला कांद्याचं जे होतं तेच चिपांचं, भाव कधी फिरेल ते बाजार समितीलाही सांगता येत नाही. पण यावरून माझं मत बदलत नाही. भाव चढले तेव्हा रॅमचेही चढले, आणि रॅम आज कमी घेतली तर उद्या कुठल्याच भावाने वाढवता येणार नाही. आणि भावाचा अंदाज बांधून न लागणारी जागा आज घेणं हा सट्टा आहे. आप्पा तो दरवर्षी शेतात खेळतातच, लॅपटॉपवर कशाला?

भाव चढले की खोटा मालही वाढतो. ऑनलाइन 'पोर्टेबल एसएसडी १६ टीबी' हजार-दीड हजारात दिसली तर हात लावू नका. आत एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याचा कंट्रोलर विंडोजला खोटा आकडा सांगतो. कॉपी व्यवस्थित झाल्यासारखी दिसते, खरी जागा संपल्यावर मात्र पुढचा डेटा हवेत जातो. नवीन डिस्क आणली की एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण भरून तपासा. आणि सेकंडहँड लॅपटॉप घेत असाल तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून किती तास चालली आहे ते बघा, विकणारा 'फक्त घरी वापरलाय' म्हणत असला तरी.

ज्यांना खरंच आतली जागा वाढवायची आहे त्यांच्यासाठी. आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. डेल, एचपी, लेनोवो यांची साइटवर फुकट मिळतात. स्लॉट एक की दोन, आणि लांबी किती ते त्यात असतं. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट २२४२ चाच असतो आणि लोक २२८० घेऊन बसतात. झाकण उघडलं की वॉरंटी गेली असं दुकानात सर्रास सांगतात. ज्या कंपनीने स्वतःच ड्राइव्ह बदलायची कृती चित्रांसह छापली आहे, तिच्या वॉरंटीच्या अटी स्वतः वाचा, दुकानदारावर सोडू नका. उघडण्याआधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटपासून नव्या इन्स्टॉलवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. मग ती ड्राइव्ह दुसरीकडे लावली की किल्लीशिवाय उघडत नाही.

एकच स्लॉट असेल तर वाईट वाटून घेऊ नका, उलट तो फायद्याचा सौदा आहे. एक यूएसबीचं एनव्हीएमई केसिंग घ्या. नवी एसएसडी त्यात घालून क्लोनझिलाने जुनीची कॉपी उतरवा, मग अदलाबदल करा. कंपनीची काढलेली ५१२ केसिंगमध्ये गेली की तीच तुमची बाहेरची डिस्क. एका खरेदीत आतली जागा वाढली आणि बॅकअपची सोयही झाली.

आपल्या डिपार्टमेंटला एकच सुचवावंसं वाटतं. एफईच्या इंडक्शनमध्ये तीन तास भाषणं असतात, त्यातला एक तास लॅबमधल्या एखाद्या निकामी लॅपटॉपला द्या. झाकण उघडून रॅम कुठे, एसएसडी कुठे, सोल्डर केलेलं कसं दिसतं, ते पोरांना हाताने बघू द्या. पालकांनाही बसवा. तोपर्यंत अर्ध्या लोकांची खरेदी झालेली असेल हे कबूल, पण धाकट्या भावंडांच्या वेळी उपयोगी पडेल.

आणि हो, दुसऱ्या स्लॉटसाठी सुटी एसएसडी घेतलीत तर तो बारीक स्क्रू पण मागून घ्या. सगळ्या बॉक्समध्ये येत नाही, लॅपटॉपमध्येही प्रत्येक वेळी लावलेला नसतो, आणि एवढ्याशा स्क्रूसाठी सातपूरहून परत गावात यायचं जिवावर येतं.